टाचण्यांची उशी आणि कानातील बटण

आपल्या समाजातील अनेक भगिनी आज घरच्या घरी चिकाचा हलवा, करंज्या, चकल्या, लोणची व मसाले तयार करून विकीत आहेत. काही तरुणांनी भरतकामाचे व दागिन्यांचे छोटे व्यवसायही आरंभिले आहेत. दुकान भाड्याने घेण्याची ऐपत नसली, तरी इन्स्टाग्राम व पिंटरेस्ट यांसारख्या ठिकाणी मालाची छायाचित्रे मांडून गिऱ्हाईक मिळविता येते, हे त्यांनी ओळखले आहे. याविषयी दोन मते आमच्या कानी येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, घरच्या ताटाचे असे प्रदर्शन कशाला? माल चांगला असेल तर गिऱ्हाईक आपल्या पायांनी येईल. तरुण मंडळी म्हणतात, जे दिसते तेच विकले जाते. मग चित्र कोठून का आणलेले असेना! आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात. त्याचे कारण सांगण्यासाठी वाचकांना आम्ही जर्मनीतील गींगेन या लहानशा गावी घेऊन जाऊ इच्छितो.

या गावी १८४७ साली मार्गारेटे श्टाइफ ही मुलगी जन्मली. बालपणीच पोलिओने तिचे पाय निकामी झाले आणि उजवा हातही दुबळा राहिला. तरीही ती शिवण शिकली व १८७७ साली तिने फेल्टच्या, म्हणजे नमद्याच्या कपड्यांचा धंदा सुरू केला. १८७९ च्या अखेरीस स्त्रियांच्या एका फॅशनविषयक नियतकालिकात तिने छोट्या हत्तीचा नमुना पाहिला आणि त्यावरून टाचण्या टोचण्याच्या उश्या शिवून आप्तेष्टांना भेट दिल्या. बायकांपेक्षा मुलांनाच तो हत्ती अधिक आवडला, आणि शिवणकामाच्या दुकानातून खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. १८९२ साली तिने आपल्या मालाचे सचित्र सूचीपत्र काढले. खुर्चीतून उठू न शकणाऱ्या त्या स्त्रीचा माल त्या चित्रांच्या रूपाने दूरदूरच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचला. १९०७ या एका वर्षात तिच्या कारखान्याने सुमारे ९ लक्ष ७४ हजार अस्वले तयार केली.

वडीलधाऱ्यांच्या आक्षेपाला आमचे उत्तर येथेच आहे. चांगला माल आधी कोणाच्या तरी दृष्टीस पडावा लागतो. २०१० साली निघालेले पिंटरेस्ट हे त्या जुन्या नियतकालिकाचे व सूचीपत्राचेच नवे रूप होय. लोक तेथे आवडलेली चित्रे जणू टाचणीने आपापल्या फळ्यावर लावून ठेवतात, आणि त्या चित्रामागोमाग मूळ विक्रेत्याच्या पानावर जाता येते. इन्स्टाग्रामवरील चित्र बहुधा चार दिवसांत मागे पडते. पिंटरेस्टवरील चित्र मात्र कोणी शोध घेतला की महिन्यांनंतरही वर येऊ शकते. म्हणून चित्राखाली पदार्थाचे नाव, तो कशाचा बनला व कोणत्या सणाचा, हे नीट लिहिणे अगत्याचे आहे. आमची सूचना अशी की हे मराठीत व हिब्रूत, दोन्हींत लिहावे. ज्या नातवंडांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत आजीचा हलवा कदाचित याच वाटेने पोहोचेल. तो न पोहोचल्यास एका पिढीनंतर तो करणारे हातही उरणार नाहीत, ही भीती आम्हांस आहे.

परंतु श्टाइफची गोष्ट येथे संपत नाही. नाव झाले तशा नकलाही निघाल्या. तेव्हा १९०४ साली तिच्या पुतण्याच्या कल्पनेनुसार प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचे एक बटण बसविण्यात आले. त्या पहिल्या बटणावरही हत्तीच होता. चित्राने गिऱ्हाईक आणले खरे, पण त्या बटणाने माल कोणाचा हे सांगितले. हा भेद आपल्या तरुणांनी ध्यानी घ्यावा.

जर्मनीने तो कायद्यातही आणला आहे. तेथे धंद्यासाठी इन्स्टाग्रामचे पान चालविणाऱ्याने आपले नाव व पत्ता सहज सापडेल असा द्यावाच लागतो. मे २०२४ पासून ही तरतूद डिजिटल सेवांच्या नव्या कायद्यात आहे. दुसऱ्याचे छायाचित्र परवानगीवाचून वापरल्यास वकिलाची ताकीद येते व तिचा खर्चही भरावा लागतो. ९ सप्टेंबर २०२१ रोजी कार्ल्सरुहे येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने अशाच एका प्रकरणी निकाल दिला. एका महिलेने रास्पबेरीच्या मुरंब्याचे चित्र आपल्या पानावर दिले होते आणि त्याबद्दल उत्पादकाकडून मोबदला घेतला होता. ही जाहिरात आहे असे तिने स्पष्ट सांगावयास हवे होते, असे न्यायालयाने ठरविले. मोबदला न घेता केलेल्या स्तुतीस मात्र न्यायालयाने तेवढा कडक नियम लावला नाही. २०२२ च्या सुधारणेनंतर तर मोबदला घेतला नाही हे दाखविण्याची जबाबदारी स्तुती करणाऱ्यावरच आली आहे.

हे नियम परक्या देशाचे असले, तरी त्यांमागील विचार आपणांस परका नाही. कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल काढीत. त्यांनी कधी आपल्या तेलाची चित्रे काढून लावली नाहीत. पण शनिवारी घाणा बंद म्हणजे बंद, हे सर्व गावाला ठाऊक होते, आणि गावानेच त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. आजच्या भाषेत ज्याला ब्रँड म्हणतात, तो याहून वेगळा काय असतो? पेणकर, रोहेकर, नवगावकर या आपल्या आडनावांत तर माणसाबरोबर त्याच्या गावाचा पत्ताही येतो. अशा समाजातील एखादे पान नावगावाशिवाय असावे, किंवा दुसऱ्याच्या ताटाचे चित्र आपले म्हणून दाखवावे, हे आम्हांस शोभत नाही.

म्हणून वडिलांना आमची विनंती की लेकीसुनांनी पदार्थांची चित्रे काढिली तर त्यांना हसू नये. उलट कृती नीट सांगावी, प्रमाणे लिहवून घ्यावीत. आणि तरुणांना विनंती की चित्र आपल्याच स्वयंपाकघरातील असावे, खाली आपले नाव असावे, पैसे घेऊन केलेली वाहवा तशी सांगावी, आणि डबा उघडल्यावर चित्रात दिसले तेच निघावे. पहिली मागणी चित्र पाहून येते. दुसरी मागणी चवीवरून येते. छोट्या धंद्याचे पोट या दुसऱ्या मागणीवरच भरते, याचा विसर न पडावा.