बक्षिसी की भाडे?

मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबर कंपनीला नोटीस बजावली. ॲपवरून टॅक्सी मागविताना, गाडी लवकर हवी असेल तर चालकासाठी आगाऊ टिप जाहीर करावी, असे उतारूंना सुचविले जात होते. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी ही प्रथा अनैतिक व पिळवणुकीची असल्याचे म्हटले. टिप ही सेवेनंतर दिलेली कौतुकाची खूण असते, तो हक्क नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता.

उतारूच्या बाजूने पाहता हे म्हणणे खोटे नाही. बक्षिसी कामाच्या आधी मागितली की ती बक्षिसी राहत नाही, तो लिलाव होतो. परंतु ठरलेल्या भाड्यात चालक यावयास राजी का नव्हता, हा प्रश्न ग्राहक संरक्षणाच्या कक्षेबाहेरच राहतो. उतारूपर्यंत रिकामी गाडी हाकत जाण्याचे अंतर, रस्त्यातील खोळंबा, इंधन, गाडीच्या कर्जाचा हप्ता, हे सारे चालकाच्या माथी. भाडे ठरविणार कंपनी. ते अपुरे पडले की कंपनी आपला वाटा कमी करीत नाही. चालकाची झोळी उतारूपुढे धरते, आणि या झोळीला सौजन्य असे नाव देते.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे भाडे सरकारी प्राधिकरण ठरविते. १ फेब्रुवारी २०२५ रोजी किमान भाडे २८ रुपयांवरून ३१ रुपये झाले. ते पुरेसे आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्यासाठी संघटनेला निवेदन देता येते, भांडता येते, गाड्या बंद ठेवता येतात. टिप कमी मिळते म्हणून संप कोणाविरुद्ध करावयाचा? उतारूविरुद्ध? (या ३१ रुपयांत सुट्या पैशांचा घोळ झाला की वरचा एक रुपया सोडून देतो तो बहुधा चालकच. या उलट्या बक्षिसीची नोंद कोठेच होत नाही.)

बक्षिसीवर कामगार पोसण्याची ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आपल्या शयनयान डब्यांत नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना नोकर म्हणून घेतले. पगार जाणूनबुजून तुटपुंजा ठेवला आणि उरलेले प्रवाशाकडून मिळवावे, अशी व्यवस्था केली. प्रवाशाचे बूट पुसावयाचे, त्याची मर्जी राखावयाची, आणि त्याने मालकाच्या नावावरून ‘जॉर्ज’ अशी हाक मारली तरी हसून ओ द्यावयाची. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांनी संघटना उभारली. टिपेवर अवलंबून न राहता जगता येईल असे वेतन द्या, ही तिची मागणी होती. टिपेचा प्रश्न तिने आंतरराज्य वाणिज्य आयोगापुढेही नेला. १९२८ साली आयोगाने तो आपल्या अधिकारात बसत नाही असे सांगून हात झटकले. कंपनीशी पहिला करार व्हावयास १९३७ साल उजाडले. आणि तरीही त्या देशात टिप मिळविणाऱ्या कामगाराचे संघीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २ डॉलर १३ सेंट येथेच थांबलेले आहे. टिप धरून ७ डॉलर २५ सेंटची किमान पातळी गाठली की मालक मोकळा. म्हणजे ग्राहकाच्या औदार्याचा पहिला लाभार्थी मालकच होय.

आपल्याकडे याच्या उलट दिशेने गेलेला एक इतिहास आहे, आणि तो मुंबईतीलच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात नफ्याने गबर झालेल्या गिरणीमालकांनी कामगारांस बोनस देण्यास आरंभ केला, आणि पुढे तो वर्षाकाठी मिळू लागला. १९२३ साली त्यांनी तो बंद केला. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निर्णय दिला की रूढी, कायदा वा न्यायबुद्धी यांपैकी कशाच्याही आधारे कामगारांचा बोनसवर हक्क नाही. संप मोडला. पण मागणी मोडली नाही. १९५० साली गिरण्यांच्याच वादात कामगार अपील न्यायाधिकरणाने बोनसचे सूत्र घालून दिले आणि १९६५ साली बोनसचा कायदा झाला. मालकाच्या मर्जीची देणगी कामगारांच्या लढ्याने हक्कात बदलली.

टिपेचे तसे होणार नाही, आणि होऊही नये. बोनस मालकाच्या नफ्यातून येतो, म्हणून त्यावर हक्क सांगता येतो. टिप येते उतारूच्या खिशातून. ‘हक्क नव्हे’ या शब्दाला आमचे उत्तर इतकेच की, जे हक्काचे नाही त्यावर कोणाच्या घरातील चूल अवलंबून असता कामा नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने ॲपवरील कामगाराची दखल घेतली खरी. परंतु पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेरचा अशीच त्याची व्याख्या केली. साहजिकच किमान वेतनाचा दरवाजा त्याला बंदच राहिला.

आता आपल्या कार्यकर्त्यांविषयी थोडे. टिप ही सरंजामी प्रथा आहे, तिने श्रमिकाचा स्वाभिमान दुखावतो, असे सांगून काही कॉम्रेड टॅक्सीतून उतरताना शेवटचा रुपया मोजून परत घेतात. तत्त्व शाबूत, खिसाही शाबूत! रात्रीच्या गाडीने दिल्लीला वा कोलकात्याला बैठकीसाठी उतरलेल्या कार्यकर्त्याच्या दोन बोचक्यांना हात लावणारा चालक, चार तास उभा असलेला वेटर, पाचव्या मजल्यावर डबा पोचविणारा मुलगा, यांच्या अपुऱ्या मोबदल्याची शिक्षा त्यांनाच देणे ही वर्गनिष्ठा नव्हे. उलट, पाच-पन्नास रुपये देऊन मेहेरबानीच्या सुरात ‘ठेव रे’ म्हणणारेही आपल्यात आहेत. त्यांनी ते पैसे दिले नाहीत तर बरे. वयाने लहान असला तरी अनोळखी श्रमिकाला ‘अहो’ म्हणावयास पैसे पडत नाहीत.

टिप द्यावयाची ती प्रवास संपल्यावर, रोख, चालकाच्या हाती द्यावी. म्हणजे कंपनीला ती आपल्या हिशेबात मोबदला म्हणून मिरविता येणार नाही. सुटे पैसे जवळ ठेवावेत. आणि उतरण्यापूर्वी त्यांना एवढे विचारावे की, या फेरीच्या भाड्यातून कंपनीने किती कापले, आणि तुमच्या स्टँडवर संघटना आहे का.