विष उतरत नाही, वेळ जातो

मृगाचा पाऊस पडून जमीन ओली झाली, की आमच्या महाड-पोलादपूर तालुक्यांत दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. एक शेताची कामे, आणि दुसरी विंचू-सापाची भीती. गडग्याच्या फटीतून, कवळाच्या भाऱ्यातून, शेणींच्या ढिगातून विंचू आणि फुरशी बाहेर पडतात. आणि कोणाचे तरी पोर, कोणाची तरी सून, कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष दंशाने आडवा होतो. हे काही आम्ही नवीन सांगत नाही. सांगायचे ते इतकेच, की ह्या दंशावरचे औषध आज सरकारी दवाखान्यात मिळते, विंचवावरच्या औषधाचे शास्त्र तर आपल्याच मातीत वाढले, आणि तरीही पुष्कळ घरांतून दंश झालेल्या माणसाला आधी भगताच्या ओटीवर नेतात व मग दवाखान्याच्या दारात. ह्या उलट्या क्रमाविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस भाग आहे.

आधी आपल्या मातीची गोष्ट ऐका. 1976 साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. जालना जिल्ह्यातील एका खेड्यात, गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला हा माणूस. त्या काळी तांबडा विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि कोवळी पोरे डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत दगावत, आणि वैद्यकाच्या पुस्तकात त्यावर खात्रीचा उपाय सापडत नसे. दुसरा एखादा बदलीचा अर्ज लिहून मोकळा झाला असता. ह्यांनी रोग्याच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपून ठेवले. उलटी, दरदरून घाम आणि हातपाय गार पडणे ही हृदय धोक्यात आल्याची आगाऊ सूचना होय, असे त्यांनी 1982 साली विलायतेच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात मांडले. पुढे प्राझोसिन नावाची रक्तदाबावरची साधी गोळी ह्या विषावर लागू पडते हे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्यांनी दाखवून दिले, आणि 1986 साली तेही त्याच पत्रात छापून आले.

ह्या गोळीने काय केले? विंचवाचे विष रक्तात मिसळले की साऱ्या अंगातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब एकदम चढतो, हृदय थकते, फुफ्फुसात पाणी भरते आणि माणूस तांबूस फेस ओकत गुदमरतो. गोळी त्या आवळलेल्या वाहिन्या सैल करते. 1961 ते 1983 ह्या काळात पश्चिम भारतात अशी जबर बाधा झालेल्या 100 रोग्यांपैकी 25 ते 30 दगावत. गोळी आल्यानंतर ते प्रमाण 100 मध्ये 1 च्या आसपास उतरले, असा बावस्करांचा हिशेब आहे. पुढे महाडातच 70 रोग्यांवर केलेली तुलना 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाली. नुसती गोळी दिलेल्या 35 पैकी 8 जण दहा तासांत पुरते बरे झाले. गोळीच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस टोचली, तेव्हा 35 पैकी 32. ह्या कामाबद्दल 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. साऱ्या जगाचे डॉक्टर जे महाडाकडून शिकले, ते महाडच्या वाडीवस्तीने शिकू नये काय?

आता भगताकडे वळू. भगत हा कोणी परका नव्हे. तो आपलाच भाऊबंद, हाकेच्या अंतरावर राहणारा, आपल्या भाषेत धीर देणारा. त्याला शिव्या दिल्याने काम भागत नाही. त्याच्या मंत्राला 'गुण' कसा येतो, हे समजून घेतले पाहिजे. धामण, दिवड अशा पुष्कळ सापांना माणसाला मारील असे विषच नसते. विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. विंचू चावलेल्या थोर माणसाला बहुधा नुसती जीवघेणी कळ लागते व ती दिवसभरात आपोआप ओसरते. ही सगळी माणसे भगताकडे जातात आणि बरी होऊन घरी येतात. जे चढलेच नव्हते, ते त्याने उतरवले! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

आणि खरेच विष अंगात असले म्हणजे? मग 'दंश अवेळी झाला होता', 'वाटेत विटाळ झाला', 'घरच्यांनी पथ्य पाळले नाही'. वाचला तर जमा भगताच्या वहीत, आणि मेला तर खर्च घरच्यांच्या कपाळी. असा हिशेब सावकारालाही साधला नव्हता.

ह्यात सर्वांत घातकी गोष्ट ही, की काही विषे सावकाश काम करतात. फुरसे चावलेला माणूस पहिले काही तास बोलतो, चालतो. मंत्राने बरे वाटले असे सर्वांस वाटते. तोवर आत रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी होत असते. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊ लागते. मण्यार तर भुईवर निजलेल्या माणसाला रात्री चावते; दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ उठते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली, आणि अंगारा शोधू लागतात. अशा वेळी मंत्रात गेलेला एक तास म्हणजे श्वासातला तास होय. 2000 ते 2019 ह्या काळात भारतात सुमारे 12 लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वर्षाला 58 हजारांच्या घरात, असा अभ्यासकांचा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झाला. ही माणसे बहुतेक खेड्यांतली, रानात राबणारी, म्हणजे आपल्यासारखीच.

कायद्यानेही ह्या बाबतीत संदिग्ध ठेवलेले नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाल्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि दंडही सांगितला आहे. परंतु भगत तुरुंगात गेल्याने मेलेले पोर परत येत नाही. म्हणून आमचे भगतांनाही हेच सांगणे आहे: नारळ ठेवा, हात जोडा, पण दंशाचा माणूस दारी आला तर त्याला खाली बसवू देऊ नका. 'आधी दवाखाना' हे शब्द तुमच्या तोंडून निघाले, तर आमच्या दहा लेखांहून त्याचे काम मोठे होईल.

दंश झाल्यावर करायचे काय, ते घरातल्या लहानथोरांनी पाठ करून ठेवावे. माणसाला धीर द्यावा, चालू-पळू देऊ नये. अंगठी, बांगडी, पैंजण, वाळे काढून घ्यावे, कारण पुढे सूज चढते. साप चावलेला हात किंवा पाय मोडल्याप्रमाणे काठीला सैल बांधून हलू देऊ नये. घट्ट आवळपट्टी बांधू नये. तिने पाय सडतो. पात्याने चिरू नये, तोंडाने चोखू नये, कोंबडीची पिल्ले लावू नयेत, कडुनिंब किंवा मिरची खायला घालून परीक्षा पाहू नये, दारू पाजू नये. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चौघांवर आपल्याकडे एकच लस चालते. दंश केव्हा झाला ती वेळ तेवढी ध्यानात ठेवावी. विंचवाच्या दंशात कळ कितीही असो, लहान मुलाला विलंब न लावता न्यावेच. आणि घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले तर थोर माणसालाही. गोळी मात्र डॉक्टरांनी द्यावयाची. तिने रक्तदाब उतरतो, म्हणून ती घरच्या घरी देण्याचे धाडस कोणी करू नये.

पण बैल गेला आणि झोपा केला असे नको. दंश टाळण्याचे बहुतेक उपाय कवडीमोलाचे आहेत. सरपण आणि शेणी निजण्याच्या खोलीत रचू नका. भिंतीला लागून पडलेले चिरे, कौले, फुटकी मडकी आवरा. भिंतीची बिळे मातीने लिंपा. धान्य झाकून ठेवा. उंदीर आले की मागोमाग साप येतो. चप्पल, बूट, घोंगडी, अंथरूण झटकल्याशिवाय वापरू नका. रात्री परसात जाताना हाती बॅटरी आणि काठी घ्या. कवळाचे भारे व भाताच्या पेंढ्या उचलताना आधी काठीने हलवा, एकदम हात घालू नका. शक्य तर बाजेवर निजा. बाज नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली चांगल्या खोचा. मच्छरदाणी डास अडवते आणि मण्यारही.

आता खर्चाचे बोलू. भगताचा नारळ, कोंबडा, उतारा, दुसऱ्या भगताकडे जाण्याचे जीपभाडे, ह्यांची बेरीज एकदा करून पाहा. एका गावठी कोंबड्याच्या किमतीत मच्छरदाणी येते आणि ती पुढे कित्येक पावसाळे टिकते. उलट 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत उपचार विनामूल्य आहेत, आणि 108 ची गाडीही पैसे घेत नाही. आणखी एक गोष्ट. शेतकरी किंवा त्याच्या घरचे माणूस सर्पदंशाने वा विंचूदंशाने दगावले, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून 2 लाख रुपयांची मदत मिळू शकते. ती मागताना मृत्यूचे कारण कागदावर दाखवावे लागते. भगताच्या ओटीवर कागद मिळत नाही. तेथे गेलेल्याचे घर माणसालाही मुकते आणि मदतीलाही.

वाडीने मिळून करण्याचेही काम आहे. पोलादपूरच्या डोंगरातल्या कित्येक वाड्यांत फोनला रेंज नसते आणि पावसात रस्ता खचतो. तेव्हा मृगाआधी एके रात्री बसून ठरवा: गाडी कोणाची, ती नसेल तर दुसरी कोणाची, डोलीला खांदा कोण देणार, रेंज कोणत्या टेकाडावर मिळते, डिझेलचे पैसे कोठे ठेवायचे. हे सारे शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. शेजाऱ्याशी बांधाचा तंटा असला तरी त्या रात्री त्याची गाडी तुमची आणि तुमचा खांदा त्याचा, असा वाडीचा दंडक असू द्या.

आणि सरकारसही एक शब्द. लोक भगताकडे जातात त्यास अज्ञानाइतकेच दवाखान्याचे बंद दारही कारण आहे. रात्री डॉक्टर नाही, लस संपली, 'पुढे न्या' असे ज्याला एकदा ऐकावे लागले, त्याला पुढल्या खेपेस मंत्रच जवळचा वाटणार. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. आराखडा दिल्लीत राहून उपयोग नाही. लस आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत आणि डॉक्टर रात्री मुक्कामाला पाहिजे. म्हणून शेतकरी बंधूंनो, मायबहिणींनो, पावसाआधीच्या ग्रामसभेत उभे राहून तीन प्रश्न विचारा: आपल्या केंद्रात सापाच्या लसीच्या कुप्या किती आहेत, विंचवाची गोळी आहे की नाही, आणि रात्री मुक्कामाला कोण आहे. उत्तरे ठरावाच्या वहीत लिहून घ्या. पुढल्या वर्षी त्याच वहीवर बोट ठेवून पुन्हा विचारा. विचारणारा गाव दिसला, की दवाखान्याची लस सहसा संपत नाही.