डॉ. जेम्स बर्न्स यांचा दोष नेमका कुठे?

वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरच्या पारावर आजकाल मोबाईलवरचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लागतात. इंग्रजांना भारत मिळवून दिला तो फ्रीमेसन या युरोपीय बंधुसंघाच्या लोकांनी, त्यांच्या बंद दारांआड कट शिजले आणि आपल्यातले जे आत गेले ते सगळे फितूर झाले, असं त्यांत ठासून सांगितलेलं असतं. ऐकणारी पोरं शिकलेली आहेत. त्यांना कुणी उलट पुरावा दाखवत नाही, म्हणून ती माना डोलावतात. मला हे खटकतं. आरोप करायचाच असेल तर तो खऱ्या माणसावर, खऱ्या पुराव्यानिशी करावा.

असा माणूस आपल्या मुंबईतच होता. डॉ. जेम्स बर्न्स, जन्म 1801, गाव स्कॉटलंडमधलं माँट्रोझ. 1821 साली धाकटा भाऊ अलेक्झांडर याच्यासोबत तो मुंबईत उतरला. आधी कच्छमध्ये भूजच्या रेसिडेन्सीचा सर्जन, 1837 नंतर मुंबईत लष्करी तळाचा सर्जन आणि शेवटी फिजिशियन जनरल, अशी त्याची नोकरी. स्कॉटिश फ्रीमेसनांनी पश्चिम हिंदुस्थानातलं प्रमुखपदही त्यालाच दिलं होतं.

पहिलं अफगाण युद्ध चालू असताना, 2 नोव्हेंबर 1841 रोजी, काबूलमध्ये जमावाने अलेक्झांडरला कापून काढलं. त्याच्यासोबत सगळ्यात धाकटा भाऊ चार्ल्सही मारला गेला. एका दिवसात दोन भाऊ गेले. त्या काळातल्या मुंबईच्या इंग्रजांमध्ये नेटिवांविषयी काय बोललं जात असेल, हे सांगायला नको. आणि त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी, डिसेंबर 1843 मध्ये, याच डॉक्टरने 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाचं लॉज, म्हणजे फ्रीमेसनांची शाखा, काढलं. ते काढलं हिंदी माणसांना आत घेता यावं म्हणून. पारशी आणि मुसलमान तिथे इंग्रजांच्या शेजारी बसले.

आता कटवाल्यांनी उत्तर द्यावं. हिंदी माणसांना आत ओढून फितूर करण्याचा बेत असता, तर गोऱ्या मेसनांनी दारं आधीच सताड उघडी ठेवली असती. घडलं उलटंच. मुंबईचे पारशी माणेकजी कर्सेटजी यांनी प्रवेश मागितला तेव्हा मुंबईच्या लॉजने त्यांना नाकारलं. ते विलायतेला गेले, तिथेही दाद लागली नाही. शेवटी पॅरिसमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. परत आले तरी मुंबईचं दार बंदच. 'रायझिंग स्टार' जन्मलं ते या अडून बसण्यातून. बंगालमध्ये तर एका हिंदूला प्रवेश मिळायला 1872 साल उजाडावं लागलं. ज्यांना गोरे आत येऊ देत नव्हते, त्यांनाच गोऱ्यांचे हस्तक ठरवणं हा अन्याय आहे.

त्या लॉजमध्ये समता पुरती नांदत होती, असं मात्र मी म्हणणार नाही. प्रवेशाला फी लागे, शिफारस लागे, मतदान होई. कापूस पिकवणाऱ्याला तिथे कोण विचारणार होतं? पण अपुरं दार आणि फितुरीचा अड्डा यांत फरक आहे आणि तो करायलाच हवा.

बर्न्सचे भक्त दुसऱ्या टोकाला जातात. तो डॉक्टर होता, त्याने दुखणी बरी केली, बंधुभाव शिकवला, युद्धाशी त्याचा संबंध काय, असं ते विचारतात. संबंध होता आणि तो जवळचा होता.

सिंधचे सत्ताधीश तालपूर अमीर इंग्रजांना आपल्या मुलखात सहजासहजी फिरकू देत नसत. 1827 साली त्यांतला मीर मुराद अली आजारी पडला आणि अमिरांनी भूजहून बर्न्सला बोलावून घेतलं. वैद्य म्हणून त्याच्यावर विश्वास टाकला, दरबारात वावरू दिलं. रोगी बरा झाला. बर्न्सने परत येऊन सरकारला अहवाल दिला. देश कसा, दरबार कसा, सत्ता कुणाच्या हातात, हे सगळं त्यात होतं. हिंदुस्थानच्या भूगोलात मोलाची भर म्हणून त्याची वाहवा झाली आणि पुढे ते पुस्तकरूपाने छापलं गेलं. 17 फेब्रुवारी 1843 रोजी इंग्रज सेनापती नेपियरने मियानीची लढाई जिंकली, सिंध खालसा झाला, आणि मुराद अलीचा मुलगा नासिर खान कैदी होऊन मुंबईत आला. त्याच मुंबईत, त्याच वर्षी, बर्न्सने आपलं बंधुभावाचं लॉज उघडलं.

एका अहवालाने सिंध गेला, असं मी म्हणत नाही. अलेक्झांडरने 1831 साली सिंधू नदीतून केलेला प्रवास त्याहून जास्त कामी आला. पण आजारी माणसाच्या बिछान्याजवळ मिळालेली माहिती सत्तेच्या दप्तरात जमा झाली, हे नाकारता येत नाही. त्यात काहीही गुप्त नव्हतं. पुस्तक बाजारात विकत मिळत होतं. बंद खोलीतला कट शोधण्याच्या नादात ही उघड गोष्ट कुणी पाहतच नाही, यावर माझा खरा राग आहे.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला तरी हे समजावून सांगावं लागू नये. सेवाग्रामचे गांधीजी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात इंग्रजांच्या जखमींना डोल्यांमधून वाहून नेत होते. पुढे आत्मकथेत त्यांनी स्पष्ट कबूल केलं की रणांगणावर नुसती शुश्रूषा करणाराही युद्धाच्या दोषातून सुटत नाही. हीच कसोटी बर्न्सला लावा. तो सुटत नाही. पण त्याला दोषी ठरवायचं ते सिंधच्या अहवालासाठी, लॉजसाठी नव्हे.

आणि त्याचा डाग माणेकजींवर तर मुळीच उडवू नये. फितूर म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांतलेच हे एक. 1863 साली त्यांनी मुंबईत अलेक्झांड्रा ही मुलींची इंग्रजी शाळा काढली. हिंदी मुलीला इंग्रजी कशाला, असं त्यांचेच जातभाई तेव्हा विचारत होते.