राजीनामा म्हणजे जाब नव्हे

आमच्या राजकारणात एक प्रायश्चित्तविधी रूढ झाला आहे. मंत्र्याच्या हातून सार्वजनिक अधिकाराचा गैरवापर झाल्याचे उघडकीस येते. काही दिवस गदारोळ होतो. पक्षश्रेष्ठी राजीनामा मागतात, तो सादर होतो, आणि दुसऱ्या दिवसापासून सारे धरून चालतात की, प्रकरण मिटले. तीर्थात बुडी मारली की पाप धुऊन निघते, ही समजूत आम्ही धर्मात नाकारली. मग तीच समजूत राज्यकारभारात का मुकाट्याने स्वीकारावी?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडताना बाबासाहेबांनी या प्रश्नाची मीमांसा केली होती. लोकशाहीतील कार्यकारी सत्तेच्या अंगी दोन गुण हवेत: स्थैर्य आणि जबाबदारी. अमेरिकन पद्धतीत पहिला गुण अधिक, ब्रिटिश पद्धतीत दुसरा. संसदीय पद्धतीत जबाबदारीची तपासणी दोन वेळा होते: रोजच्या रोज सभागृहात, प्रश्न, ठराव, तहकुबी आणि अविश्वासाच्या प्रस्तावांनी, आणि ठरावीक मुदतीनंतर मतदाराच्या हातून. भारतासारख्या देशाला रोजची तपासणी अधिक आवश्यक आहे, म्हणून मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकते माप दिले. घटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिकपणे जबाबदार आहे असे म्हटले आहे, ते यासाठीच. त्या अनुच्छेदात पक्षश्रेष्ठींचा उल्लेख कोठेही नाही.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते, हे देशाने एकदा पाहिले आहे. जून १९५७ मध्ये नुकत्याच राष्ट्रीयीकृत झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोट रुपयांचे भाग विकत घेतले. पैसा होता सामान्य विमेदारांचा. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये लोकसभेत हा प्रश्न लावून धरला तो सत्ताधारी पक्षाचेच सभासद फिरोज गांधी यांनी. पंतप्रधान त्यांचे सासरे होते, तरी प्रश्न थांबला नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत खुली चौकशी करून काही आठवड्यांत निष्कर्ष सांगितला: सचिवाने केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यास टाळता येत नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी पायउतार झाले. पुढे ते मंत्रिमंडळात परतलेही; म्हणजे तेव्हाही सारे आदर्शवत होते असे नाही. परंतु प्रश्न सभागृहात जन्मला आणि त्याचे उत्तर सभागृहात आले. राजीनामा हा त्या उत्तराचा एक भाग होता.

आता आमच्या महाराष्ट्राकडे पाहा. जून १९८० मध्ये बॅ. ए. आर. अंतुले मुख्यमंत्री झाले. त्या काळी सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. घराची भिंत उभारणाऱ्या गरिबाला चार गोण्यांसाठी परवान्याकरिता हेलपाटे घालावे लागत. अशा वेळी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ या न्यासाला देणगी देणाऱ्या बांधकाम व्यावसायिकांस सिमेंटचा कोटा सुलभपणे मिळतो, असा आरोप झाला. ऑगस्ट १९८१ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी तो देशापुढे मांडला. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी पी. बी. सामंत आदींच्या याचिकेवर निकाल दिला. देणगी आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध न्यायालयाने मान्य केला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला.

वाचकहो, या हकिगतीत विधानसभा कोठे आहे? विरोधकांनी आवाज उठविला, परंतु बहुमताच्या भिंतीवर आदळून तो परत आला. ज्या सभागृहास मुख्यमंत्री जबाबदार, त्याच्या मताने ते गेले नाहीत. पुढचे मुख्यमंत्री बॅ. भोसले हेही आमदारांच्या विचारविनिमयातून निवडले गेले नाहीत. त्यांचे नाव दिल्लीहून आले. जाणाऱ्याने जाब दिल्लीस दिला, येणाऱ्याने अधिकार दिल्लीकडून घेतला, आणि महाराष्ट्राची विधानसभा दोन्ही प्रसंगी केवळ साक्षीदार राहिली. नियंत्रित वस्तूचे वाटप मंत्र्याच्या मर्जीवर का असावे, नाकारलेल्या अर्जांचे काय झाले, या प्रश्नांची सभागृहाने तड लावली नाही. कुंपणानेच शेत खाल्ले असताना राखणदार बदलून काय होणार? कुंपण तपासावयास हवे होते.

पुढची कथा न्यायालयात घडली. रामदास नायक यांनी फौजदारी तक्रार दाखल केली. आमदार हा लोकसेवक असल्याने त्याच्यावर खटला भरण्यास पूर्वसंमती हवी, या मुद्द्यावर विशेष न्यायाधीशांनी १९८३ मध्ये आरोपीस मुक्त केले. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते मत खोडले आणि खटला उच्च न्यायालयाकडे वर्ग केला. एप्रिल १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरविले की, असे वर्गीकरण कायद्यास धरून नव्हते. अंतुले यांना शिक्षा कधीच झाली नाही. १९८९ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले आणि पुढे दोनदा केंद्रात मंत्री झाले.

कोणी म्हणेल, हा न्यायसंस्थेचा पराभव आहे. वकील या नात्याने मला तसे वाटत नाही. कायद्याने नेमलेल्या न्यायालयातच आपला खटला चालावा, हा प्रत्येक आरोपीचा हक्क आहे. आज तो मुख्यमंत्र्यास नाकारला, तर उद्या गावकुसाबाहेरच्या माणसास कोण देईल? न्यायालय संशयाचा फायदा आरोपीस देते, आणि तसेच दिले पाहिजे. परंतु सभागृहाची कसोटी निराळी आहे. मंत्र्याने गुन्हा केला की नाही हे न्यायालयाने ठरवावे. तो विश्वासास पात्र राहिला की नाही हे सभागृहाने ठरवावे. दुसरे काम पहिल्याच्या गळ्यात बांधले की दोन्ही कामे बुडतात. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ हे वाक्य मंत्र्यांची कवचकुंडले झाले आहे.

आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात हेच पुन्हा घडले. कुलाब्याच्या एकतीस मजली इमारतीवरून नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी राजीनामा दिला. चौकशी आयोगाचा अहवाल एप्रिल २०१३ मध्ये शासनाच्या हाती आला. चौकशी आयोग कायदा, १९५२ सांगतो की, अहवाल कार्यवाहीच्या निवेदनासह सहा महिन्यांच्या आत सभागृहापुढे ठेवला पाहिजे. तो ठेवला गेला डिसेंबरमध्ये, आणि सोबत शासनाचा निर्णय होता की, अहवाल अमान्य! टीका झाल्यावर पुढच्या महिन्यात त्यातील काही भाग स्वीकारण्यात आला. खटल्यासाठी राज्यपालांनी प्रथम नाकारलेली आणि नंतर दिलेली संमती उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली. २०२४ मध्ये चव्हाण पक्ष बदलून राज्यसभेवर गेले. न्यायालयाने दोषी न ठरविलेल्या माणसास राजकारण करण्याचा अधिकार आहे, याविषयी वाद नाही. वाद एवढाच आहे की, काल ज्यांनी त्यांचा राजीनामा मागितला आणि आज ज्यांनी त्यांचे स्वागत केले, त्यांनी या मतपरिवर्तनाचे कारण कोणत्या सभागृहात सांगितले?

मंत्रालयात मुरलेली ही रीत खाली उतरत आमच्या वसई-विरारपर्यंत पोहोचली आहे. नालासोपारा पूर्वेस, विकास आराखड्यात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या पाडण्यात आल्या आणि सुमारे २,५०० कुटुंबे रस्त्यावर आली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आयुष्याची पुंजी घालून येथे आलेली ही श्रमिक माणसे. त्यांच्या हाती करारपत्रे होती, वीजबिले होती. परंतु अशा कागदांनी अनधिकृत इमारत अधिकृत होत नाही. आरक्षित भूखंडावर ४१ इमारती एका रात्रीत उगवत नाहीत. त्या उभ्या राहात असताना येथे निवडून आलेले सभागृह होते. त्याने प्रश्न विचारून काम थांबविले नाही. जून २०२० मध्ये त्याची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ सभागृहच नव्हते. प्रशासकाचे राज्य होते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, हा घटनेच्या २४३-यू अनुच्छेदाचा आदेश कागदावर राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने माजी आयुक्त आणि नगररचना अधिकारी यांना अटक केली. आयुक्तांची अटक उच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये बेकायदा ठरविली. त्याच ऑगस्टच्या अखेरीस विरार पूर्वेची रमाबाई अपार्टमेंट ही अनधिकृत इमारत कोसळून १७ माणसे दगावली. या साऱ्यात अधिकाऱ्यांची नावे पुढे आली. ज्या नगरविकास खात्याच्या देखरेखीखाली प्रशासक कारभार करीत होता, त्याच्या मंत्र्याने कोणास जाब दिला? येथे तर राजीनाम्याचा उपचारही कोणास आवश्यक वाटला नाही.

जानेवारी २०२६ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली. आता ११५ नगरसेवकांचे सभागृह आहे. त्यांच्याकडे आमची मागणी साधी आहे. आरक्षित भूखंड किती, त्यांपैकी किती बळकावले गेले, त्या काळात कोण अधिकारी आणि कोण पदाधिकारी होते, याची यादी सभागृहापुढे ठेवून तिच्यावर चर्चा करा. बेघर झालेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा ठराव करून तो शासनाकडे पाठवा. आमच्या आमदारांनी विधानसभेत नगरविकास मंत्र्यांस विचारावे की, पाच वर्षे प्रशासक कोणाच्या सोयीसाठी होता. आणि चौकशीचा अहवाल सहा महिन्यांत सभागृहापुढे न आल्यास तो आपोआप प्रसिद्ध व्हावा, अशी दुरुस्ती कायद्यात व्हावी.

मंत्री जातील, मंत्री येतील. ज्यांच्या घरावर बुलडोझर फिरला, त्यांना कोणाच्या जाण्याने छप्पर मिळत नाही. बाबासाहेबांनी घटनेत रोजची तपासणी ठेवली ती या माणसासाठी. कारण पाच वर्षे वाट पाहण्याइतकी पुंजी त्याच्यापाशी नसते. म्हणून प्रत्येक वस्तीने आपल्या नगरसेवकास आणि आमदारास लेखी विचारावे: या अधिवेशनात आमच्या घरांविषयी आपण कोणता प्रश्न मांडला? उत्तर तोंडी घेऊ नये. ते लेखी मागावे, तारखेसह जपून ठेवावे, आणि मतदानाच्या दिवशी सोबत न्यावे.