अंतराचा हिशेब

पहाटे पाचच्या सुमारास सांगली-मिरज रस्त्यावर किंवा साताऱ्याच्या यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी उभे राहिले, तर दोन तऱ्हेची माणसे धावताना दृष्टीस पडतात. एक वर्ग चाळिशीच्या आसपासच्या नोकरदारांचा : शिक्षक, बँकेतले कारकून, डॉक्टर, दुकानदार. त्यांच्या पायांत चांगले बूट असतात आणि मनगटावर वेळ व अंतर दोन्ही मोजणारे घड्याळ असते. दुसरा वर्ग अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींचा. पोलीस भरतीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सैन्यभरतीतही धावण्याची परीक्षा चुकत नाही. पहिला वर्ग प्रकृतीसाठी आणि हौसेसाठी धावतो, दुसरा पोटासाठी. रस्ता एकच, वेळही एकच. तरी या दोघांची गाठ क्वचितच पडते. स्पर्धेच्या दिवशी तर ती मुळीच पडत नाही.

हौशी धावण्याचा प्रसार ही आपल्याकडे तशी अलीकडची गोष्ट आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली, मुंबईची २००४ मध्ये. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२ पासून भरू लागली आणि २०१५ मध्ये एकाच डोंगरावर २,६१८ जण धावल्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. जिल्ह्याच्या गावात हजारो माणसे पावसाळी पहाटे स्वखुशीने घाट चढतात, ही घटना क्षुल्लक मानता येणार नाही. खेळ म्हणजे दुसऱ्याने खेळावयाचा आणि आपण पाहावयाचा, ही समजूत तिने मोडून काढली आहे.

या छंदाचे स्वरूप ध्यानात यावे म्हणून सांगलीतील एखाद्या शिक्षकाचे उदाहरण घ्यावे. उदाहरण कल्पित असले, तरी त्याचा अनुभव या वाटेला लागलेल्या बहुतेकांचा आहे. त्याची पहिली शर्यत पाच किलोमीटरची असते. शिट्टी होताच तो इतरांच्या ओघात सुसाट सुटतो आणि दुसऱ्या किलोमीटरलाच त्याला धाप लागते. मागे टाकलेली माणसे एकेक करून पुढे निघून जातात. त्यांत साठी उलटलेले गृहस्थ असतात आणि शाळकरी मुलीही असतात. हातचे भांडवल आरंभीच उधळले तर अखेरीस उसनवारी करावी लागते, हा धडा तो येथे शिकतो. दहा किलोमीटरच्या शर्यतीत तो सावध होतो. प्रत्येक किलोमीटरला सारखाच वेळ लागावा, असा प्रयत्न करतो. सांगलीची भूमी सपाट, कृष्णाकाठची. तेथे हा हिशेब जमतो.

साताऱ्याला मात्र तो चुकतो. आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता, दोन्हींकडे पाणी त्याच कृष्णेचे. पण पायांखालची जमीन निराळी. अर्धमॅरेथॉनचे अंतर २१ किलोमीटरांहून किंचित अधिक. गाव मागे पडले की यवतेश्वरचा घाट सुरू होतो आणि कासच्या पठाराकडे जाणाऱ्या त्या चढावर सपाटीवरचा वेग टिकत नाही. घड्याळाकडे पाहणारा तेथे फसतो; श्वासाकडे लक्ष देणारा तरतो. चढ संपला म्हणजे जिंकलो, असे नवख्याला वाटते. वास्तविक खरी परीक्षा उतारावर असते. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार तोलून धरतात आणि त्यामुळे चढावापेक्षाही अधिक दुखावतात. दुसऱ्या दिवशी वर्गात जाताना जिन्याच्या पायऱ्या ज्याला उतरवत नाहीत, त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

पूर्ण मॅरेथॉन हा तर शरीराच्या अर्थशास्त्राचाच प्रश्न आहे. ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले. मानवी शरीराच्या सोयीचा विचार त्यामागे नव्हता. धावणाऱ्याला दर किलोमीटरला, शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे, सुमारे एक कॅलरी खर्चावी लागते. ६५ किलो वजनाच्या माणसाचा खर्च किलोमीटरला ६५ कॅलरी झाला. स्नायूंत आणि यकृतात साखरेच्या रूपाने साठविलेली शिल्लक साधारणतः दोन हजार कॅलरींच्या आसपास असते. भागाकार केला, तर ही शिल्लक तिसाव्या किलोमीटरजवळ संपते. नेमके त्याच ठिकाणी पाय शिशासारखे जड होतात. चरबीची ठेव पुष्कळ असते, पण ती लवकर मोडता येत नाही. उरलेले १२ किलोमीटर पार करावयाचे, तर आरंभीचा संयम, वाटेत वेळेवर घेतलेले गोड पाणी आणि कित्येक महिन्यांचा सराव हेच उपयोगी पडते. येथे कोणाची ओळख चालत नाही आणि हुद्दाही चालत नाही. धावणाऱ्याची तुलना असते ती स्वतःच्या मागील वेळेशी. कारकुनाला आणि शिक्षकाला या छंदाचे आकर्षण वाटते, त्याचे मर्म बहुधा येथेच आहे.

परंतु हे समाधान ज्याला परवडते त्यालाच मिळते, आणि प्रश्न येथून सुरू होतो. मोठ्या स्पर्धेचे प्रवेशशुल्क, बूट, प्रवास आणि मुक्काम मिळून होणारा खर्च पगारदाराला झेपतो. शेतमजुराच्या मुलाला झेपत नाही. तो मुलगा अंधारात, वाहने चुकवीत, न मोजलेल्या रस्त्यावर धावत राहतो. अशा उमेदवारांना वाहनांनी उडविल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून वाचावयास मिळतात. ज्याला धावण्याची गरज सर्वांत जास्त, त्याच्या वाट्याला बंद केलेला रस्ता नाही, पाणी नाही आणि नोंदलेली वेळही नाही.

या भागातील धावण्याचा इतिहास तर नेमका उलट आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी तरुण पाहूनच दोराबजी टाटा यांच्या मनात भारताने ऑलिंपिकला जावे हा विचार बळावला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. सातारा जिल्ह्यातील माण या दुष्काळी तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये २०१२ पासून सलग तीन वर्षे भारतीय महिलांत पहिल्या आल्या आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहाव्या ठरल्या. रस्त्यावरच्या शर्यतीने त्यांना पुढची वाट दाखविली. ही वाट फक्त शुल्क भरणाऱ्यांसाठी राहिली, तर मोहीसारख्या गावातून पुढची मुलगी येणार कोठून?

आयोजकांची बाजूही रास्त आहे, हे नाकारता येणार नाही. रस्ता बंद करणे, वैद्यकीय पथके, पाण्याची ठाणी, स्वयंसेवक या सर्वांना पैसा लागतो आणि तो धावणाऱ्यांनीच द्यावा यात गैर काही नाही. परंतु यांतील बहुतेक खर्च एकदा करावा लागतो. दोन हजारांच्या जागी एकवीसशे जण धावले म्हणून तो फारसा वाढत नाही. वाढीव शंभर जणांवर खरा खर्च होतो तो पदकाचा, बनियनचा आणि न्याहारीचा. या मुलांना त्यांपैकी काहीच नको आहे. क्रमांक, पाणी आणि अचूक नोंदलेली वेळ एवढे मिळाले तरी त्यांचे काम भागते. घाटरस्त्याची रुंदी मर्यादित असल्याने तेथे गर्दी वाढविता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र भरतीच्या उमेदवाराला २१ किलोमीटरांची गरजच नाही. पाच किंवा दहा किलोमीटरची शर्यत त्याला अधिक उपयोगी. ती गावातल्या सपाट रस्त्यावर घेता येईल आणि तिचा प्रवेश विद्यार्थ्यांना व उमेदवारांना विनामूल्य ठेवता येईल.

याहून मोठी जबाबदारी नगरसंस्थांची आहे. स्पर्धा वर्षातून एकदा येते. पहाट रोज होते. साताऱ्यात आणि सांगलीत एखादा रस्ता पहाटेचा तासभर वाहनांस बंद ठेवणे, त्यावरील दिवे चालू ठेवणे आणि दर शंभर मीटरला अंतराची खूण करणे, यासाठी मोठ्या तरतुदीची आवश्यकता नाही. चुना, फळ्या आणि एक शिपाई इतक्यावर हे काम होण्यासारखे आहे.

हौशी धावपटूंनीच ही मागणी पुढे रेटली पाहिजे. त्यांच्याजवळ संघटना आहे, शब्दाला वजन आहे आणि अंतराचा हिशेब त्यांना कळतो. तिसाव्या किलोमीटरला अनोळखी हाताने पुढे केलेल्या पाण्याच्या पेल्याचे मोल ज्याने जाणले, त्याने आपल्या शेजारून अंधारात धावत जाणाऱ्या मुलाकडे एकदा वळून पाहावे. रस्ता दोघांचाही आहे. आज मात्र त्यावरचा दिवा एकालाच मिळतो आहे.