दोनशे युरो आणि एक अर्ज

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिला माणूस म्हणजे थोरल्या काकांचा मुलगा, दुसरी मी. दादा गेल्या वर्षी जर्मनीला शिकायला गेला, तो कर्ज काढून. जाताना बँकेने त्याला युरो भरलेले कार्ड दिले. पहिल्याच महिन्यात तिकडच्या एका एटीएमने कार्डातून दोनशे युरो वजा केले. नोट मात्र एकही बाहेर आली नाही. दोनशे युरो म्हणजे अठरा हजारांच्या वर! काकूंना दोन दिवस घास गेला नाही.

दादाच्या तक्रारीला उत्तर आले, 'यंत्राच्या नोंदीनुसार व्यवहार पूर्ण झाला आहे.' काकांना शाखेत सांगितले, सविस्तर अर्ज द्या. ते काम माझ्याकडे आले. मी कलाशाखेची! दोन पाने भरून दुष्काळ, कर्ज, काकांचे कष्ट सारे लिहिले. दादाने सही करून तो पाठवला. काही झाले नाही.

मग उमगले, की यंत्र एका बँकेचे, कार्ड दुसरीचे आणि मध्ये व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखी जोडणारी यंत्रणा. यांपैकी कोणीही दादाला पाहिलेले नाही. त्यांना दिसतो तो कागद. दुसऱ्या अर्जात मी फक्त तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक, रक्कम आणि चिठ्ठीची प्रत दिली. नोटा बाहेर आल्याच नसतील, तर यंत्रातल्या रोकडीच्या हिशेबात तेवढी रक्कम जास्त निघाली पाहिजे. तो हिशेब तपासावा, अशी मागणी केली. अडीच महिन्यांनी पैसे परत आले.

कोणी म्हणेल, परदेशचे कार्ड ही श्रीमंतांची गोष्ट. आपल्याला काय त्याचे? मला हे पटत नाही. श्रीमंताचे दोनशे युरो अडकले तर त्याची सहल थोडी बिघडते. कर्जावर शिकणाऱ्याचे अडकले तर महिन्याचे जेवण अडकते.

आणि येथेच माझी खरी तक्रार आहे. देशातल्या एटीएमने पैसे न देता खात्यातून वजा केले, तर पाच दिवसांत ते परत करावेत, नाहीतर पुढे दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०१९ साली केला. पण तो व्यवहाराची दोन्ही टोके भारतात असतील तेव्हाच. परदेशात यंत्रणा गुंतागुंतीची आहे हे मान्य. मुदत पाच दिवसांची नको, पण काही तरी ठरलेली असावी. लोकपालाचा मार्ग आहे. २०२१ सालच्या एकात्मिक लोकपाल योजनेने आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विनाशुल्क लोकपालाकडे, अशी वाट घालून दिली. पण ही वाट आमच्या काकांना कोणी सांगितली नव्हती.

म्हणून गुरुजनांना एक नम्र विनंती. आम्हाला निबंध शिकवता, रसग्रहण शिकवता; एक तास अर्ज लिहायलाही शिकवा. आणि मित्रमैत्रिणींनो, यंत्राची चिठ्ठी फेकू नका. आपल्या घरात इंग्रजी कागद वाचणारे आपणच पहिले आहोत. आपण चुकलो, तर घरात दुरुस्त करणारे दुसरे कोणी नाही.

— द्वितीय वर्ष कला