कागदांची छाननी होते. मोटारीची कोण करणार?

सरकारी कचेरीतील कारकून, माध्यमिक शाळेतील शिक्षक किंवा नुकताच नोकरीस लागलेला पदवीधर पहिली मोटार घेण्याचा विचार करतो, तेव्हा त्याची नजर पुष्कळदा नव्या लहान मोटारीवर ठरत नाही. तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या, पाच-सात वर्षे वापरलेल्या छोट्या एसयूव्हीवर ती खिळते. उंच बैठक, खड्ड्यांना दाद न देणारा वाटणारा देह आणि आळीत मिळणारा मान असे तिचे तिहेरी आकर्षण असते. भविष्यनिर्वाह निधीतून उचललेली रक्कम वा पतपेढीचे कर्ज या व्यवहारात गुंतते. ग्राहकाच्या बाजूने ती मोटार तपासणारे कोण आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

वस्तुतः असे कोणीही नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. या मुदतीत ती तीनदा विकली गेली, तरी दर वेळी पाहिले जातात ते नमुना २९ व ३०, विमा, प्रदूषणाचा दाखला आणि कर्ज फिटल्याचे पत्र. यंत्राची चाचणी या व्यवहाराचा भागच नाही. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी केंद्राने केलेले नियम एप्रिल २०२३ पासून अमलात आले, हे योग्यच झाले. तथापि, त्यांचा रोख वाहन कोणाच्या ताब्यात व जबाबदारी कोणाची यावर आहे. इंजिनाच्या प्रकृतीवर नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांहून जुन्या मोटारीची दरवर्षी सक्तीची तपासणी होते आणि त्या वेळी नोंदलेले धावलेले अंतर नोंदणी क्रमांकावरून कोणासही विनामूल्य पाहता येते. आपल्याकडे अंतरदर्शक मागे फिरवणाऱ्याला अडवील अशी एकही सार्वजनिक नोंद नाही. दोष विक्रेत्यास ठाऊक आणि ग्राहकास अज्ञात असले, की चांगला मालच बाजारातून उठू लागतो, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन दाखविले होते. नीट राखलेली गाडी विकू पाहणाऱ्या सज्जनासही त्यामुळे योग्य भाव मिळत नाही.

छोट्या एसयूव्हीच्या बाबतीत हे अज्ञान अधिक महागात पडते, याला कारण आहे. हा प्रकार आपल्याकडे पुष्कळसा करधोरणातून जन्मला. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या मोटारींना अबकारी करात सवलत दिली व उत्पादकांनी त्या मापात उंच देह बसविले. २०१३ ची इकोस्पोर्ट फिएस्टा या लहान मोटारीच्याच पायावर उभी होती. या वर्गातील बहुतेक गाड्यांची केवळ पुढची चाके इंजिनाने फिरतात. रूप रानगाडीचे, हाडे मात्र घरगुती मोटारीची! पहिला मालक रूपावर विसंबून तिला खडकाळ वाटांवर आणि गतिरोधकांवर धाडधाड नेतो. दुसरा मालक त्याचे बिल भरतो.

म्हणून तपासणी खालून सुरू व्हावी. गतिरोधकावरून सावकाश जाताना पुढच्या चाकाशी खटखट ऐकू आली, तर लोअर आर्मचे बुश वा लिंक रॉड झिजलेले असतात. हा खर्च सोसण्यासारखा असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालविताना टकटक झाली, तर अ‍ॅक्सलचा सांधा गेला असे समजावे. टायर एकाच कडेला झिजला असेल, तर अपघातात सांगाडा वाकल्याची शंका घ्यावी आणि ती खोटी ठरेपर्यंत बयाणा देऊ नये.

इंजिन थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. ग्राहक येण्याआधी ते गरम करून ठेवण्याची युक्ती जुनी आहे. बॉनेटला हात लावला की ती उघडी पडते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट पाहावे. टायमिंग बेल्टविषयी मात्र तोंडी आश्वासन घेऊ नये, पावतीच मागावी. डस्टरच्या डिझेल इंजिनात असा पट्टा आहे. तो मुदतीत बदलला नाही आणि धावत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिनच निकामी होऊ शकते. इकोस्पोर्टच्या एक लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात हा पट्टा ऑइलमध्येच फिरतो. चुकीचे वा जुने ऑइल वापरले, की त्याचे रबर सुटून ऑइल पंपाच्या तोंडाशी साचते. उलट, ब्रेझाच्या १.३ लिटर डिझेलला साखळी आहे. म्हणजे ‘डिझेल मजबूत’ किंवा ‘पेट्रोल निर्धोक’ अशा सरधोपट समजुतींचा येथे उपयोग नाही.

एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत आणखी एक पथ्य आले. धुरातील काजळी अडविणारी गाळणी साफ होण्यास गाडी काही काळ सलग वेगाने धावावी लागते. केवळ शाळा, बाजार आणि घर एवढेच फिरलेली डिझेल गाडी ‘कमी चालवलेली’ म्हणून मिरविली जाते, पण तिची हीच गाळणी तुंबलेली असण्याचा संभव अधिक. क्लचची परीक्षा सोपी आहे. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा; इंजिन बंद पडण्याऐवजी फिरत राहिले, तर क्लच संपला. स्वयंचलित गिअर असल्यास गर्दीच्या चढावर अर्धा तास चालवून पाहिल्यावाचून मत देऊ नये.

पुरात बुडालेल्या गाड्यांचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. विमा कंपनीने पूर्ण नुकसान म्हणून निकालात काढलेली गाडी भंगारातच जाते असे नाही. ती धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यात पुन्हा उभी राहू शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आसनाखालच्या बोल्टांचा गंज व गालिच्याखालचा गाळ पाहावा. इलेक्ट्रॉनिक दोष तर सहा महिन्यांनी, अगदी एअरबॅगच्या जोडणीतही, डोके वर काढतात. संगणकीय तपासणीत दोष नुकतेच पुसल्याचे कळू शकते, कारण गाडीच्या आतील स्वयंचाचण्या तेव्हा अपूर्ण दिसतात.

व्यापारी वाहनांसाठी स्वयंचलित तपासणी केंद्रे उभी राहत आहेत. मालकी बदलताना खासगी मोटारीचीही तेथे एकदा तपासणी व्हावी आणि धावलेले अंतर नोंदणीच्या अभिलेखात टिपले जावे. यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही. नमुना ३० सोबत एक अहवाल जोडावा लागेल, आणि त्याचे शुल्क गाडीच्या किमतीच्या मानाने किरकोळच राहील.